परसातील बोर

सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सांगोला हा तालुका आहे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी ढग प्रथम सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात. तेथून पूर्वेकडे येईपर्यंत त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे उरत नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगोल्यास तो जेमतेम ५०० च्या आसपास. आणि हाही पाऊस वेळेवर येईल असा भरवसा नाही. मृगाच्या दोन-चार सरी येऊन जातात, मग कित्येक दिवस आकाश कोरडे राहते, आणि खरा पाऊस पडतो तो बहुधा भाद्रपद-आश्विनात. तालुक्यातून माण नदी वाहते व पुढे भीमेस मिळते. परंतु वर्षातील कितीतरी महिने तिच्या पात्रात पाण्याऐवजी वाळूच दिसते. या नदीवरूनच या मुलखास माणदेश असे नाव पडले आहे.

अशा गावी घराच्या परसात फळझाड लावावयाचे, तर कोणते लावावे? केळीला बारा महिने ओलावा हवा. पपई वर्षभरात फळ देते खरी, पण उन्हाळ्यात चार-सहा आठवडे पाण्याची ओढ पडली की ती मान टाकते. विहिरीने तळ गाठला म्हणजे माणसांना व गुरांना पाणी पुरविता पुरविता घरच्या माणसांच्या नाकी नऊ येतात. झाडांना कोठून घालावयाचे? म्हणून येथे असे झाड हवे की, ज्याची भूक आणि तहान या मातीच्या ऐपतीत बसेल. ते शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. बांधावर, ओढ्याच्या काठी, मुरमाड माळावर ते आपोआप उगवलेले दिसते. ते झाड म्हणजे बोर.

वैशाखातील बोर पाहिली तर ती जिवंत आहे की नाही, अशी शंका यावी. अंगावर एकही पान नाही. नुसत्या राखाडी, वाकड्यातिकड्या फांद्या आणि काटे. परंतु हे मरण नव्हे, ही तिची झोप आहे. उन्हाळा येताच बोर आपली पाने गाळून टाकते, कारण पाने असली की त्यांच्यावाटे पाणी हवेत निघून जाते. पाऊस पडला की तिला नवी पालवी फुटते. हे पान निरखून पाहण्यासारखे आहे. वरची बाजू गडद हिरवी व तुकतुकीत. खालची बाजू पांढुरकी आणि लवेने झाकलेली. देठापासून तीन ठळक शिरा निघून टोकाकडे जातात. खालची लव पानातील ओलावा उन्हावाऱ्यापासून सांभाळते. पानाच्या बुडाशी दोन काटे असतात. त्यांपैकी एक बहुधा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकडा. बोरीच्या जाळीत हात घालताना टोचतो तो सरळ काटा, आणि हात बाहेर घेताना सदरा धरून ठेवतो तो वाकडा!

जमिनीखालचा कारभार तर याहूनही मोठा आहे. बोरीचे सोटमूळ सरळ खोल जाते. रोप वीतभर उंच असते तेव्हाच त्याचे मूळ त्याहून कितीतरी खाली पोहोचलेले असते. वरची माती तापून भेगाळली तरी खालच्या थरातील ओल या मुळास सापडते. पावसाळ्यात वाढ, भाद्रपद-आश्विनात फुलोरा, थंडीत फळे आणि कडक उन्हात विश्रांती, असे बोरीचे वर्ष आहे. सांगोल्याच्या पावसाचे वर्षही नेमके असेच असते. जेव्हा पाणी असते तेव्हा बोर ते मागते, आणि जेव्हा नसते तेव्हा ती मागत नाही.

या देशात माणसाची आणि बोरीची ओळख फार जुनी आहे. संस्कृतात हिला बदरी म्हणतात. हिमालयातील बदरीनाथाच्या नावात हाच शब्द आहे. शबरीने रामास बोरे दिल्याची लोककथा तर घरोघरी ठाऊक असते. सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव बोरी आहे, आणि बोरगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती असतील, याची मोजदाद करणे कठीण! ओढूनताणून जोडलेल्या नात्यास मराठीत ‘बादरायण संबंध’ म्हणतात, त्याच्या मुळाशीही बोरच आहे. कोणी एक प्रवासी अनोळखी घरी उतरला. खाऊनपिऊन निघताना यजमानाने विचारले, “आपले आमचे नाते कोणते?” तेव्हा तो म्हणाला, “माझ्या गाडीची चाके बोरीच्या लाकडाची आहेत आणि तुमच्या दारात बोरीचे झाड आहे; एवढे नाते पुरे नाही काय?” गोष्ट विनोदाची आहे, परंतु बोरीचे लाकूड गाडीच्या चाकास चालण्याइतके कठीण व चिवट असते, हे तिच्यावरून सहज कळते.

रानातील बोर आपोआप उगवते, मग परसातील बोर मुद्दाम कशाला लावावयाची? याचे कारण असे की, आपोआप उगवलेल्या बोरीची फळे बहुधा लहान, आंबट आणि आठोळीच मोठी असलेली निघतात. चांगल्या झाडाची आठोळी पेरली, तरी येणारे झाड आईच्या गुणाचे होईलच असे नाही. म्हणून जाणते लोक एक युक्ती करतात. मुळे रानबोरीची घ्यावयाची आणि फांद्या चांगल्या जातीच्या! रानबोरीची काटक मुळे खालून पाणी आणतात, आणि वर उमराण, कडाका किंवा मेहरूण यांसारख्या जातीची फळे लागतात. उमराणाचे फळ मोठे, पिवळे, पिकल्यावर तांबूस छटा घेणारे. मेहरूण ही जात जळगावजवळच्या मेहरूण भागातली. तिच्या बोराची चव आणि वास काही वेगळाच. अलीकडे थायलंडकडून आलेले, हिरव्या सफरचंदासारखे दिसणारे ‘अ‍ॅपल बोर’ही बाजारात दिसते. ते आकाराने मोठे व रसाळ असते हे खरे, पण बोराचा अस्सल आंबटगोडपणा त्यात शोधावाच लागतो.

लागवडीची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. घराची भिंत, विहिरीची वाट आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर, भरपूर ऊन येईल अशी जागा निवडावी. काटे कोणाचीही गय करीत नाहीत. तेथे दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा खणून तो काही दिवस उन्हात तापू द्यावा. मग पाऊस पडण्यापूर्वी तळाशी पालापाचोळा घालून, चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून तो भरावा. खते थोडी कमी पडली तरी बोर तक्रार करणार नाही. मात्र खड्ड्यात पाणी तुंबू देऊ नये.

बियांसाठी रानबोरीची पक्की पिकलेली फळे घेऊन आठोळ्या धुऊन वाळवाव्यात. मग त्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. ज्या तरंगतात त्या पोकळ. ज्या तळाशी बसतात त्याच पेरण्यास योग्य. आठोळीचे कवच फार कठीण असते, त्यामुळे अखंड आठोळी रुजण्यास तीन-चार आठवडे लागतात. परंतु कवच अलगद फोडून आतले बी काढून पेरले, तर ते आठवड्याभरातच अंकुर धरू शकते. हातोडीचा घाव किती हलका असावा, हे पाच-दहा बियांचा चुरा केल्यावरच हातास समजते! खड्ड्याच्या मध्यावर दोन-तीन बिया पेराव्यात आणि पुढे त्यांतील एकच जोमदार रोप ठेवावे.

येथे कोणी विचारील, रोपवाटिकेतून तयार कलम आणून लावले तर काय बिघडले? बिघडत नाही, पुष्कळ लोक तसेच करतात. परंतु पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी पोहोचून गुंडाळले जाते किंवा उपटताना तुटते, आणि बोरीचे सारे बळ तर त्या मुळातच आहे. म्हणून कोरड्या प्रदेशात बी जागेवरच पेरावे व कलमही जागेवरच बांधावे, ही रीत अधिक भरवशाची मानली जाते. राजस्थानात जोधपूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने बोरीवर पुष्कळ काम केले आहे. तेथील वाळवंटी मुलखातही हीच रीत उपयोगी पडली.

रोप पेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे पावसाळ्यात त्यावर डोळा भरतात. त्या दिवसांत रोपात रस खेळत असतो व साल लाकडापासून सहज सुटते. ज्याच्यावर कलम करावयाचे त्या रोपास खुंट म्हणतात. चांगल्या जातीच्या झाडाची एक काडी आणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. खुंटाच्या सालीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवा आणि एक उभा छेद देतात. काडीवरील एक फुगीर डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसह अलगद काढून त्या छेदात बसवितात, आणि डोळ्याचे टोक तेवढे उघडे ठेवून वरखाली पट्टीने घट्ट बांधतात. वाचताना हे सोपे वाटते. पण चाकू धारदार नसेल, डोळा काढताना साल फाटली किंवा बसविण्यास उशीर होऊन ती सुकली, तर सारी खटपट वाया जाते. कलमे बांधणारा कसबी माणूस हे काम बोलता बोलता मिनिटभरात उरकतो. त्याच्या बोटांकडे पाहत राहावे.

दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवा राहून फुगू लागला, म्हणजे तो जगला असे समजावे. मग खुंटाचा डोळ्यावरचा भाग कापून टाकतात, म्हणजे मुळांनी आणलेला सारा रस नव्या फुटीस मिळतो. परंतु खुंट इतक्यावर हार मानीत नाही. डोळ्याच्या खालून तो पुन्हा पुन्हा स्वतःचे कोंब काढतो. हे कोंब दिसताच खुडावे लागतात. घरच्या माणसांनी वर्षभर दुर्लक्ष केले, तर रानबोरीचे कोंब तरारून वर येतात, कलमाची फांदी त्यांच्या सावलीत खुरटते, आणि मग लोक म्हणतात, “बोर रानटी झाली.” वास्तविक बोर बदललेली नसते, खालच्या झाडाने वरच्या झाडाची जागा घेतलेली असते.

पहिला उन्हाळा मात्र रोपाला जड जातो. त्याचे मूळ अजून पुरेसे खोल गेलेले नसते. त्यासाठी एक मडके घेऊन त्याच्या बुडास बारीक छिद्र पाडावे, छिद्रात चिंधीची वात बसवावी आणि मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे. आठवड्यातून दोनदा ते भरले की वातीवाटे पाणी थेंबाथेंबाने मुळापाशी झिरपते व उन्हाने उडून जात नाही. भांडी विसळलेले, राखेचे पाणीही त्यास चालते. दोन-तीन उन्हाळे निभावले की बोर आपली सोय आपण पाहू लागते.

पाण्याहून मोठे संकट म्हणजे शेळी. माणदेशात शेळ्या-मेंढ्या पुष्कळ, आणि बोरीचा कोवळा पाला हे त्यांचे आवडते खाणे. मोठ्या बोरीखाली मागच्या दोन पायांवर उभी राहून, काटे चुकवीत पाला ओरबाडणारी शेळी या भागात कोणीही पाहिलेली असेल. मोठ्या झाडाचे त्याने फारसे बिघडत नाही. पण एक शेळी दोन घासांत वर्षाचे कलम संपविते. म्हणून लहान रोपाभोवती काट्याचे कुंपण हवेच.

बोर अंगणात राहावयाची तर तिला दरवर्षी छाटले पाहिजे. फळे धरतात ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच राहू दिल्या, तर झाड उंच व अस्ताव्यस्त वाढते, फळे शेंड्याकडे जातात आणि बारीक होतात. म्हणून चैत्र-वैशाखात, पाने गळून झाड झोपी गेले असता, गेल्या वर्षीच्या फांद्या आखूड कापतात. घरातील मुलांना हे पाहवत नाही. “आजोबा, एवढे कापू नका, झाड मरेल!” असे कोणी ना कोणी म्हणतेच. आजोबा काही बोलत नाहीत. पहिल्या पावसानंतर त्या थोट्या झाडावर हातहात लांब हिरवे फोक फुटतात, तेव्हा उत्तर आपोआप मिळते. अशा रीतीने छाटलेली बोर झुडपासारखी आटोपशीर राहते आणि मुलांच्या हाताला फळे येतात.

भाद्रपदाच्या सुमारास पानांच्या बगलेत बारीक, हिरवट पिवळ्या फुलांचे घोस येतात. शोभा म्हणावी अशी त्यांत काही नसते, पण त्यांतील मधासाठी माश्या, मधमाश्या व गांधीलमाश्या दिवसभर गुणगुणत असतात. पुढे फळे धरू लागली की दोन शत्रू येतात. एक भुरी, पानांवर व कोवळ्या फळांवर पीठ भुरभुरल्यासारखी ही बुरशी पसरते आणि फळे गळतात. मोठी माणसे तिच्यावर गंधकाची भुकटी धुरळतात. दुसरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते. अळी आतला गर खाते आणि पुढे जमिनीत उतरून कोश करते. वरून धडधाकट दिसणारे बोर फोडले की आत अळी निघावी, हा अनुभव कोणास नाही? किडकी फळे झाडाखाली पडू न देता वेचून खोल पुरावीत. उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून उलटी करावी, म्हणजे मातीतले कोश उन्हाने व पाखरांच्या चोचींनी नाहीसे होतात. हा उपाय कष्टाचा आहे, पण बिनपैशाचा आहे.

मार्गशीर्षापासून बोरे पिकू लागतात. सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून चार-पाच वेळा तोडणी करावी लागते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, भाजीत बोरे पडतात. संक्रांतीच्या सुगडात ऊस, हरभरा, गाजर यांच्याबरोबर बोर हवेच. रथसप्तमीपर्यंत घरोघरी लहान बाळांचे बोरन्हाण होते. बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि भोवतालची मुले ती वेचण्यासाठी एकच झुंबड करतात. उरलेली बोरे वाळवून त्यांचे बोरकूट करतात. शेंड्यावरची बोरे हाताला येत नाहीत. ती पोपटांची आणि बुलबुलांची. आणि जी रात्री खाली पडतात ती कोल्ह्यांची. कोल्ह्याने खाल्लेल्या बोराची आठोळी दूरच्या माळावर जाऊन पडते आणि तेथे नवी रानबोर उगवते. माळावरच्या बोरी अशाच कोणी न लावता लागलेल्या असतात.

सांगोला तालुक्यात बोर केवळ परसात राहिली नाही. १९७२ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळून निघाला. त्यानंतरच्या काळात कमी पाण्यावर येणाऱ्या फळझाडांकडे लोकांचे लक्ष वळले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली, आणि या माळरानांवर बोरीच्या व डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. चांगले पोसलेले कलमी झाड हंगामात ५० ते १०० किलो फळ देऊ शकते. सोलापूर जिल्ह्यातील चमेली, चेकनट, उमराण बोरांची पोती हिवाळ्यात पुण्याच्या बाजारात उतरू लागली.

पुढे ठिबक सिंचन आले, डाळिंबाला बोराच्या कितीतरी पट भाव मिळू लागला, आणि अनेकांनी बोरी उपटून तेथे डाळिंब लावले. त्यात चूक होती असे म्हणता येणार नाही. डाळिंबाने या तालुक्यात पक्की घरे उभी केली, मुलांची शिक्षणे केली. परंतु डाळिंबाला पाणी मोजून का होईना, द्यावेच लागते, आणि त्याचे दुखणेही नाजूक. फळांवर तेलकट डाग पाडून ती तडकविणारा तेल्या रोग पसरला, तेव्हा बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. २००५ साली सोलापुरास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, ते अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठी. या साऱ्या उलथापालथीत बांधावरची बोर मात्र होती तेथेच उभी होती. तिला कोणी पाणी घातले नव्हते आणि तिच्यावर कोणी कर्जही काढले नव्हते. तिच्या बोराला भाव थोडा मिळतो, हेही तितकेच खरे. बोर कोणास श्रीमंत करीत नाही.

परसातल्या बोरीला तर भावाचा प्रश्नच नाही. वैशाखात छाटणी झाली की अंगणात काटेरी फांद्यांचा मोठा ढीग पडतो. या फांद्यांना बोराटी म्हणतात. ती कोणी जाळून टाकीत नाही. आकड्याच्या काठीने ती उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला नेतात, आणि तेथे नव्या खड्ड्यात गेल्या पावसाळ्यात कलम बांधलेले जे रोप उभे असते, त्याच्याभोवती गोल रचून ठेवतात. दुपारी शेळी येते, कुंपणाभोवती दोन फेऱ्या घालते आणि निघून जाते.